राखलेल्या खारफुटीचा सन्मान कसा करावा: मांडवीतल्या एका बेटावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

समुद्राला मिळण्याआधी मांडवी चोडण, दिवाडी, वांशी, कुंभारजुवे, जुवे अशा बेटांना वळसे घालत जाते. हे प्रकरण त्यांतल्याच एका बेटावरच्या गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहे आणि या सगळ्या बैठकांची टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या एखाद्या गावावर असाच प्रसंग आला तर उपयोगी पडावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चोडणच्या पश्चिम टोकाचं सालिम अली पक्षी अभयारण्य बहुतेकांना माहीत असतं. १९८८ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर. गोव्यातली एकूण खारफुटी याच्या कितीतरी पट आहे, म्हणजे बहुतेक सगळी या अभयारण्याच्या हद्दीबाहेरच म्हणायची. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक जमीन-संस्थेच्या, जमिनीत, कुळांच्या खाजणांत, भाटकारांच्या (जमीनदारांच्या) काठांवर ती उभी आहे. तिला कायद्याचं संरक्षण आहे, पण रोजची राखण करायला तिथं कुणी गणवेशातला माणूस नसतो. ती गावालाच करावी लागते.

आमच्या गावची राखीव खारफुटी अशीच आहे. ती कशी उगवली हे समजल्याशिवाय पुढचा पेच कळायचा नाही, म्हणून थोडं खाजणाबद्दल सांगायला हवं.

खाजण म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली, नदीला बांध घालून मिळवलेली जमीन. बांध चिखलाचा, आतून पेंढ्या-फांद्यांनी घट्ट केलेला, नदीच्या बाजूला चिरे लावलेले. बांधात एका जागी मानस असते, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची लाकडी दारं. भरतीच्या पाण्याचा दाब पडला की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटा देतं आणि दार उघडतं. दिवसातून दोनदा हे चालतं, विजेशिवाय, यंत्राशिवाय. पावसाळ्यात पाऊस मातीतला खार धुऊन काढतो आणि मग कोरगूट, आसगो अशी खारं पाणी सोसणारी भातं पिकतात. मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळं लावलं की सुंगटं, शेवटे, काळुंदर, नशीब असेल तर एखादा चोणक मिळतो. ही मासळी धरायचा हक्क दरवर्षी पावणीला, म्हणजे लिलावाला, निघतो. खाजणाचं पहिलं भांडण इथंच आहे. पावणी घेणाऱ्याला आत जितकं जास्त खारं पाणी येईल तितकी जास्त मासळी, आणि शेत करणाऱ्याला तेच पाणी म्हणजे मरण.

पूर्वी बांध आणि मानस कोमुनिदाद सांभाळायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे आली. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात एका पावसाळ्यात बांधाचा उत्तरेकडचा तुकडा फुटला. तेव्हा मांडवीतून खनिजाच्या बार्जी सतत येजा करत आणि त्यांच्या लाटा बांधाला लागत. फुटलेला तुकडा वेळेत बुजवला गेला नाही. खारं पाणी शेतात शिरलं आणि तिथंच राहिलं. दोन-तीन वर्षांत चिखलात तिवरांची रोपं दिसायला लागली, मग चिपी, काठाला कांदळ. ज्या खाजणात मळणी व्हायची तिथं जंगल उभं राहिलं.

गावाच्या हळूहळू लक्षात आलं की जिथं बांधाबाहेर खारफुटीचा पट्टा आहे तिथं बार्जींच्या लाटांनी बांध खचत नाही. उघडा बांध मात्र दर वर्षी कुठं ना कुठं तुटतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामसभेत ठराव झाला: या पट्ट्यात कोयता लावायचा नाही, सरपणाला फांदी तोडायची नाही, पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत आतल्या चिखलात तिसऱ्या-खुबे काढायचे नाहीत, राडारोडा टाकायचा नाही. तोडला तर दंड, आणि दंडाचे पैसे बांधाला. हा ठराव त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ पाळला गेला. कागदावरचे ठराव कसे विरून जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पेच

तीन वर्षांमागे पंचायतीवर नवं मंडळ आलं. त्यात तरुण पंच होते आणि त्यांना मनापासून वाटत होतं की गावाच्या या कामाची कुणीतरी दखल घ्यायला हवी. ठराव आणणारी पिढी एकेक करून जात होती. दखल आता घेतली नाही तर ती ऐकायला कुणी उरणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

पहिल्या बैठकीतच आराखडा मांडला गेला. नदीकाठी, खारफुटीच्या कडेला, सिमेंटचा चौथरा, त्यावर स्मारकशिला, बाजूला पक्षी बघायचा छोटा मनोरा. १२ नोव्हेंबरला, सालिम अलींच्या जन्मदिवशी, मोठा कार्यक्रम, मंत्र्यांना बोलावणं, शाल-श्रीफळ. बोटीतून पर्यटक फिरवणाऱ्या एका व्यावसायिकाने बराचसा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. त्याची एकच अट होती: शिलेवर त्याच्या व्यवसायाचं नाव खाली लिहिलेलं असावं.

टाळ्या पडल्या. विरोध असा कुणी केला नाही. मानशीवर राखण करणारे काका तेवढं म्हणाले, “चौथरा नेमका कुठं येणार ते दाखवा.” ते दाखवायचं राहूनच गेलं.

पेच असा, की गौरव करायचा हे सगळ्यांना मान्य होतं. पण कुणाचा करायचा, कुठं करायचा आणि त्या गौरवाने राखलेल्या जागेचंच नुकसान होणार नाही ना, हे तीन प्रश्न कुणी नीट विचारलेच नव्हते. आणि हे प्रश्न विचारले जायच्या आधीच काम सुरू झालं.

मातीचे टिपर

एका सकाळी कंत्राटदाराने चौथऱ्याच्या जागी तांबड्या मातीचे दोन टिपर रिकामे केले. जागा वरून बघणाऱ्याला मोकळी वाटते. झाडं मागे आहेत, पुढे नुसता चिखल आणि त्यातून बोटभर उंचीच्या काड्या वर आलेल्या.

त्या काड्या म्हणजे तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं आडवी पसरतात आणि त्यांतून शेकडो उभ्या काड्या पृष्ठभागावर येतात. ओहोटीला पाणी उतरलं की त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून मुळांना हवा मिळते. त्यांच्यावर माती टाकली की झाड तोडायची गरजच पडत नाही, ते आपोआप गुदमरून वाळतं. भरावाने खारफुटी मारायचा प्रकार गोव्यात अनेक ठिकाणी होतो तो असाच, रात्रीत माती टाकून. इथं तीच गोष्ट दिवसाढवळ्या, खारफुटीच्या सन्मानासाठी झाली होती.

मानशीवरच्या काकांनी ते बघितलं आणि ते थेट सरपंचांच्या घरी गेले. त्या बोलण्याची नोंद माझ्याकडे आहे, कारण सरपंचांनी मला बोलावून घेतलं होतं. काका म्हणाले, “बाब, परवा अमावास्या. उधाणाचं पाणी येईल आणि ही माती आत वाहून नेऊन सगळ्या मुळांवर पसरवील. काढायची असेल तर आज-उद्या काढा. मग निघायची नाही.”

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. सरपंचांपुढे दोन वाटा होत्या. एक, तज्ज्ञांचं मत मागवायचं, बैठक बोलवायची, कंत्राटदाराला नोटीस काढायची. हे रीतसर झालं असतं, पण त्यात उधाण येऊन गेलं असतं. दुसरी, आधी माती उचलायची आणि कागद मागाहून करायचे. त्यांनी दुसरी निवडली. जेसीबी लावू या असं कंत्राटदार म्हणाला, त्यालाही काकांनीच अडवलं: यंत्राच्या वजनाने चिखल दबतो आणि खालची मुळं चिरडतात. मग ओहोटीच्या वेळेत घमेली, पाट्या आणि खोरी घेऊन गावातली माणसं उतरली. वरची माती खोऱ्याने, मुळांमधली हातांनी. स्वयंसाहाय्य गटाच्या बायका सर्वांत जास्त वेळ चिखलात होत्या. गुडघाभर चिखलातून निवटी उड्या मारत दूर पळत होत्या आणि शाळेतली मुलं काठावरून त्या मोजत होती.

बरीच माती निघाली, सगळी निघाली नाही. कडेची काही तिवरं पुढच्या वर्षभरात वाळली.

समोरचे पर्याय

त्यानंतरच्या बैठकीचा सूर वेगळा होता. या वेळी जागेचे कागद टेबलावर आले. फॉर्म एक-चौदाच्या उताऱ्यावर जमीन कोमुनिदादीच्या नावे होती, कुळांच्या रकान्यात आठ-दहा कुटुंबांची नावं होती. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या नियमांच्या, दृष्टीने खारफुटी म्हणजे पहिल्या वर्गाचं, सर्वांत कडक संरक्षणाचं क्षेत्र. शिवाय २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: खाजणांचं मापन करावं, त्यांच्या काठची खारफुटी राखावी, खाजणांसाठी व्यवस्थापन आराखडा करावा आणि खाजणात विकासकामाला परवानगी देऊ नये. म्हणजे चौथरा उभा राहिला असता तर बेकायदाच ठरला असता. तो विषय तिथं संपला.

मग मार्ग कोणते उरले? चर्चा लांबली. काही जणांचं म्हणणं होतं की निवृत्त वनरक्षकांचा एकट्यांचाच सत्कार करावा. ते आमच्याच गावचे, आणि ठराव नवीन होता तेव्हा रात्री-अपरात्री होडी घेऊन काठाने फिरायचे. कोयते जप्त करायचे, पण पहिल्यांदा सापडलेल्याला समजावून सोडायचे. सत्कार सोपा, सर्वमान्य आणि स्वस्त. पण तो प्रस्ताव स्वतः वनरक्षकांनीच मोडीत काढला. “मला पगार होता,” ते म्हणाले. “ज्यांना काही मिळत नव्हतं त्यांनी राखलं, त्यांचं काय?”

दुसरा मार्ग कायद्याचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची सोय झाली आहे. जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळही जाहीर करता येतं, आणि पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहेच. माझ्या मते हा दूरवरचा खरा मार्ग आहे. शाल एक दिवसाची, अधिसूचना टिकते. पण त्या बैठकीत तो पुढे गेला नाही, आणि जे कारण पुढे आलं ते ऐकून घेण्यासारखं होतं.

कारण सांगितलं एका आजींनी. त्या कुळांपैकी एका घरातल्या. भिंतीवर खारफुटीचा नकाशा लावला होता, पट्टा हिरव्या रंगाने भरलेला. आजी उठून नकाशाजवळ गेल्या. त्यांना वाचता येत नाही, पण पोंयीचं, म्हणजे मानशीच्या आतल्या पाण्याच्या खोलगट भागाचं, वळण त्यांनी बोटाने शोधून काढलं आणि वळणाच्या आतल्या हिरव्यावर बोट ठेवलं. “हे आमचं शेत. इथं आमचं खंडीभर भात व्हायचं. तुम्ही त्याला रान म्हणता. सांगा, आणखी एक सरकारी शिक्का बसल्यावर माझ्या नातवाला इथं पाऊल तरी टाकता येईल काय?”

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. तोवर सगळ्या चर्चेत ‘गावाने राखलं’ असं सगळे म्हणत होतो. पण त्या गावात हातातलं शेत गमावून ज्यांनी राखलं ती कुटुंबं कुठंच दिसत नव्हती. बांध फुटला तेव्हा त्यांना भरपाई मिळाली नाही. जंगल वाढल्यावर ते साफ करून पुन्हा शेत करायचा मार्ग कायद्यानेही बंद झाला आणि गावच्या ठरावानेही. तरी त्यांनी ठराव मोडला नाही. तिवर कापून सरपण करणं त्यांना सर्वांत सोपं होतं, झाडं त्यांच्याच शेतात उभी होती.

मी या जागी थांबून एक सांगते. संरक्षणाच्या कामाचा गौरव करताना आपण बहुधा दिसणाऱ्या माणसाकडे वळतो: गस्त घालणारा, पक्ष्यांची यादी करणारा, भाषण करणारा. ज्याने काही केलं नाही, म्हणजे तोडलं नाही, विकलं नाही, भराव घातला नाही, त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. आमच्या प्रकरणात तीच माणसं मुख्य निघाली.

तिसरा मार्ग कुळांच्या संघटनेच्या जुन्या मंडळींनी मांडला. सन्मान करायचाच तर मानशीचं दार बदला. डाव्या दाराची फळी कुजली होती, भरतीला तिच्या खालून पाणी आत यायचं आणि उरलेल्या शेतांतही खार चढायला लागला होता. ती शेतं पडीक झाली असती तर हळूहळू तिथंही तेच घडलं असतं. वरवर बघता खारफुटीला ते चालणारंच, मग दुरुस्तीचा गौरवाशी संबंध काय, असं एका तरुण पंचाने विचारलं. संघटनेच्या अध्यक्षांनी दिलेलं उत्तर टिपणात शब्दशः आहे: “आतलं शेत जिवंत आहे तोवर बांधाकडे बघायला माणूस आहे. शेत गेलं की माणूस जातो, आणि माणूस गेला की बाहेरच्या झाडांना राखणारा कोण?”

व्यावसायिकाची अट

पैशांचा प्रश्न सुटलेला नव्हता. बोटवाल्या व्यावसायिकाला चौथरा रद्द झाल्याचं कळवलं, तेव्हा तो म्हणाला की पैसे मानशीच्या दाराला देईन, पण मग दारावर नाही तर बांधावर पाटी हवी, आणि पर्यटकांच्या बोटी खारफुटीच्या आतल्या फाट्यात न्यायला पंचायतीने हरकत घेऊ नये.

काहींना हे पटत होतं. पैसा येतोय, बोटीने चारजणांना काम मिळतंय. पण आतल्या फाट्यात हिवाळ्यात तुतारी आणि चिखल्या हे पक्षी ओहोटीच्या चिखलावर चरायला उतरतात आणि भरतीला उंच झाडांवर बगळे, पाणकावळे बसतात. भरती-ओहोटीच्या हिशेबाने त्यांना खाण्याचे तास मोजकेच मिळतात. इंजिनाच्या आवाजाने तेच जातात. सरपंचांनी व्यावसायिकाला नम्रपणे नाही सांगितलं. बाहेरच्या मुख्य पात्रातून, इंजिन मंद ठेवून, लांबून पक्षी दाखवायला त्यांची हरकत नव्हती. देणगी मात्र नको. त्या एका निर्णयामुळे कार्यक्रमाचं अंदाजपत्रक एकदम आटलं, आणि माझ्या मते त्यामुळेच सगळा कार्यक्रम मार्गावर आला.

काय केलं

तारीख बदलली. नोव्हेंबर म्हणजे स्थलांतरित पक्षी येऊन स्थिरावण्याचा काळ. त्यात नदीकाठी मंडप आणि ध्वनिक्षेपक नको, असं पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्या बाईंनी सुचवलं. त्या गावच्या शाळेत शिकवायच्या, निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात मुलांना घेऊन जातात. एप्रिलअखेर हे पाहुणे बहुतेक परतलेले असतात, आणि पावसाआधी बांधाची डागडुजीही त्याच दिवसांत करायची असते. म्हणून मे महिना ठरला. जागा नदीकाठची न ठेवता देवळाचा सभामंडप.

मानशीचं दार आधी बदललं, कार्यक्रम नंतर केला. हा क्रम कुळांच्या संघटनेने धरून ठेवला, आणि बरं झालं. खर्चाचा काही भाग संघटनेच्या पावणीच्या पैशांतून, काही वर्गणीतून. जुन्या सुताराने दार भरतीआधी बसवलं. पहिल्या भरतीला गावातली बरीच माणसं बांधावर उभी होती. पाणी चढत गेलं, दार हळूहळू वळलं, फळीला फळी टेकली आणि आतल्या बाजूला पाण्याची झुळझुळ थांबली. काकांनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

सभामंडपात भाषणं थोडी झाली. आधी कुळांच्या कुटुंबांची नावं वाचली, घरटी, जी शेतं खारफुटीखाली गेली त्यांच्या जुन्या नावांसह. ती नावं वाचनालयाच्या वतीने घरोघरी जाऊन गोळा केली होती. शेतांची काही नावं फक्त म्हाताऱ्या बायकांनाच आठवत होती. त्यानंतर तिसऱ्या काढणाऱ्या बायका, ज्यांनी पावसाळ्यात चिखलात न उतरण्याची अट पोटाला चिमटा घेऊन पाळली. मग मानस राखणारे काका, निवृत्त वनरक्षक, बाई, आणि ठराव मांडणाऱ्या दिवंगत सदस्यांच्या घरची माणसं. शाल कुणालाच नाही. प्रत्येक घराला कोरगुटाच्या बियाण्याची एक पिशवी दिली. जेवणात त्याच तांदळाची पेज आणि मिठातली तोरं, म्हणजे कैऱ्या, होती.

ज्या आजींनी नकाशावर बोट ठेवलं होतं, त्यांच्या शेताचं नाव वाचलं तेव्हा त्यांनी शेजारणीचा हात धरला होता.

त्याच दिवशी ग्रामसभेने दोन गोष्टी नोंदवल्या. जुना ठराव पुन्हा वाचून कायम केला, कारण तो ज्या वहीत होता ती वही पावसाने भिजून अर्धी खराब झाली होती. आणि पावणीच्या पैशांतला ठरावीक वाटा दरवर्षी बांधाला राखून ठेवायचा, पावणी घेणाऱ्याने रात्री दार टेकवून उघडं ठेवायचं नाही, असं ठरलं.

परिणाम

त्या पावसाळ्यात मानशीमागच्या शेतांत खार कमी चढला आणि दोन कुटुंबांनी पडीक टाकलेला तुकडा पुन्हा पेरला. मातीखाली गेलेल्या जागी वर्षभराने तिवराची नवी रोपं दिसली, तरी कडेची वाळलेली झाडं तशीच उभी आहेत. तोडायची नाहीत असं ठरलंय. घारी त्यांच्यावर बसतात.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. मूळ आराखडा मांडणारा तरुण पंच कार्यक्रमाला आला नाही. त्याला वाटलं की त्याच्या कल्पनेचा अवमान झाला. तो आता येतो, पण बोलत नाही. पावणी घेणाऱ्याने पहिल्याच वर्षी रात्री दार उघडं ठेवल्याची तक्रार आली. संघटनेने त्याला समज दिली, दंड केला नाही, आणि यावरून कुळांमध्ये कुरबुर झाली. बोटवाला व्यावसायिक दुसऱ्या गावाच्या फाट्यात बोटी नेऊ लागला, म्हणजे आमच्याकडचा त्रास तिकडे गेला. ही गोष्ट मला अजून सलते. एका गावाच्या ठरावाने नदीचा प्रश्न सुटत नाही, बेटांच्या पंचायतींनी एकत्र बसायला हवं होतं.

समुदाय राखीव क्षेत्राचा विषय बाजूला ठेवला आहे, सोडलेला नाही. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तो पुढे न्यायचा नाही, असं कुळांनी सांगितलंय. वारसा स्थळाच्या मार्गात गावाचे चालत आलेले वापर बंद करायची सक्ती नाही, हे समितीने त्यांना समजावून सांगितलं. त्यावर विचार चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, उतारा. एक-चौदाचा कागद पहिल्याच बैठकीत टेबलावर असता तर माती पडलीच नसती, आणि कुळांची नावंही पहिल्या दिवशीच समोर आली असती. नदीकाठी काहीही करायचं म्हटलं की आराखड्याआधी उतारा मागवायचा, हे आमच्या पंचायतीने आता नेमाने धरलंय.

दुसरं, बोलावणी. पहिल्या बैठकीचं निमंत्रण पंचांना, मंडळांना, शाळेला गेलं. कुळांच्या संघटनेला गेलं, पण बायकांना नाही. खाजणाच्या शेताची खरी आठवण घरातल्या बायकांकडे असते, लावणी-कापणी त्यांनीच केलेली असते. आजी दुसऱ्या बैठकीला आल्या त्या सुनेसोबत, निमंत्रणाशिवाय.

तिसऱ्या गोष्टीवर आमच्यात अजून मतभेद आहेत. त्या तरुण पंचाला चौथऱ्याऐवजी दुसरं काम सोपवता आलं असतं का? वनरक्षकांना वाटतं, हो. त्याच्याकडे उत्साह होता, ओळखी होत्या. बेटांच्या पंचायतींना एकत्र आणण्याचं काम त्याने चांगलं केलं असतं. माती उपसली त्या दिवशी सगळे चिडलेले होते आणि तो एकटा पडला. मलाही आता वनरक्षकांचं म्हणणं जास्त पटतं. पुढच्या महिन्यात इतर बेटांच्या पंचायतींना बोटींच्या प्रश्नावर पत्र जाणार आहे. ते लिहायला त्यालाच सांगावं, असं सरपंचांना सुचवलं आहे. पावणीची अट करारनाम्यात लेखी यावी, असा अर्जही संघटनेकडे दिला आहे, कारण तोंडी अट दुसऱ्या वर्षी पाळली जाईल याची खात्री कुणालाच नाही.